सकाळचं पहिलं पाऊल
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं बोलणं)



आधी माझी चूक सांगते. आपल्या एक मावशी सलग तीन बैठकांना आल्या नाहीत. नियमाप्रमाणे दंड लावा, असं मीच म्हणाले. नंतर घरी गेले, तर मावशी भिंत धरून चालत होत्या. कांद्याच्या लागणीपासून तळपाय दुखत होता, पण कुणाला बोलल्या नव्हत्या. "पायाचं काय सांगायचं?" म्हणाल्या.

तर आज पायाचंच सांगते. तळपायाला मधे कमान असते. तिच्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक चिवट पट्टा असतो, धनुष्याच्या दोरीसारखा. फरशीवर तासन्‌तास उभं राहणं, झिजलेली सपाट चप्पल, वाढलेलं वजन, यानं त्यावर ताण येतो. पाथर्डी-शेवगावच्या आपल्या बाया ऊसतोडीला जातात, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढतात. तो सगळा भार पायावरच ना! रात्री हा पट्टा आखडतो. म्हणून सकाळी पहिलं पाऊल टेकलं की कळ निघते, चार पावलं चाललं की जरा कमी होते.

मग करायचं काय? उठण्याआधी अंथरुणातच पायाची बोटं हातानं आपल्याकडे ओढा, तीस आकडे मोजा. असं तीनदा. मग भिंतीला हात टेकून एक पाय मागे घ्या, टाच जमिनीवर ठेवून पोटरी ताणा. बसल्या बसल्या जुनं लाटणं तळपायाखाली फिरवा. दुखत असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं लावा. घरातसुद्धा जाड, मऊ तळाची चप्पल घाला. आराम पडायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. मधेच सोडू नका.

दुकानातली दुखायची गोळी रोज घेऊ नका. पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास होतो. पाय सुजला, लाल झाला, बधीर पडला, जखम झाली किंवा टेकवताच येईना, तर आशाताईंना सांगून आरोग्य केंद्रात जा. साखरेचा आजार असेल तर बर्फ-शेक काही न करता आधी डॉक्टरांना दाखवा.

हे आपल्याला जमेल का, असं वाटू देऊ नका. आपल्याच जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली काम सुरू केलं, आणि गावातल्या कमी शिकलेल्या बायकांनाच आरोग्याचं शिक्षण दिलं. त्या शिकल्या, आपणही शिकू.

मावशींचा दंड आपण परत केला. आता एवढंच करा: कुणी बैठकीला आली नाही, तर वहीत दंड लिहिण्याआधी तिच्या घरी जाऊन या.