चरबी कुठे साठते?

श्रोतेहो, शरीरातील चरबी म्हणजे नुसता बोजा नव्हे;
ती त्वचेखाली आपल्या जागी असली,
तर रक्तातील जादा मेद सुरक्षितपणे सामावून घेते.

एलएमएनए या जनुकातील काही दुर्मीळ बदलांमुळे ही जागाच कमी पडते.
या आनुवंशिक विकाराला पार्शल लिपोडिस्ट्रॉफी, म्हणजे अंशतः मेदक्षय, म्हणतात,
आणि त्याचा या जनुकाशी असलेला संबंध २००० साली उघड झाला.

वयात येताना हातापायांवरची चरबी विरत जाते,
शिरा व स्नायू ठळक दिसू लागतात,
चेहरा आणि मान मात्र भरत जातात.
पुरुषांत हे रूप पिळदार बांध्यासारखे भासत असल्याने निदान अनेकदा हुकते,
आणि ही खरोखर चिंतेची बाब आहे.

जागा न मिळालेला मेद यकृतात व स्नायूंत साचतो,
इन्सुलिनचा प्रभाव घटतो,
आणि सडपातळ दिसणाऱ्या व्यक्तीलाही मधुमेह जडतो;
रक्तातील ट्रायग्लिसराइड हा मेद फार वाढला, तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

म्हणजेच, श्रोतेहो, चरबी किती आहे याइतकेच ती कुठे आहे, हे महत्त्वाचे ठरते.

मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या पायांवर चरबी जवळजवळ नसेल,
आणि घरातील इतरांचीही ठेवण तशीच असेल,
तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे;
जनुकीय तपासणीने निदान पक्के करता येते.