कड सुटली की कापड सुटतं

कपडा हातात घेतला की आपण रंग बघतो, पोत बघतो. कड मात्र शेवटी बघतो. शिवणकाम करणाऱ्या बाईची कमाई बरेचदा त्या कडेवरच असते, म्हणून आज तिच्याबद्दल बोलू.

जुन्या उपरण्याला किंवा घोंगडीला दशा असतात, त्या आठवा. मागावरून कापड उतरवताना टोकाचे उभे धागे न विणता सोडलेले असतात. आडवा धागा निसटू नये म्हणून त्यांना पीळ देऊन गाठी मारायच्या. म्हणजे गाठ आधी गरजेची होती, तिची शोभा मागून आली. परकराच्या खालच्या घेराला वेगळ्या रंगाचा गोट लावत, तोही घासून फाटणारी कड टिकावी म्हणूनच.

नऊवारीला फॉल लागत नाही. पाचवारी आली, त्यातही नायलॉन, जॉर्जेटच्या हलक्या साड्या आल्या, तेव्हा निऱ्या नीट पडाव्यात आणि काठ जमिनीला घासू नये म्हणून फॉल लागू लागला. त्याच्या जोडीला पिको आला. हा शब्द मूळचा फ्रेंच. तिकडे लेसच्या कडेला दोऱ्याचे बारीक फासे काढतात, ते पिको. आपल्याकडे कड बारीक दुमडून मशीनवर दाट टाके घालतो, त्यालाच आपण पिको म्हणायला लागलो.

फॅशन कशी फिरते बघा. एकेकाळी सलवारच्या मोहरीला कॅनव्हास घालून शिलाईच्या रांगा मारायचो. त्या रांगा सरळ आल्या की गिऱ्हाईक पक्कं. मग लेगिंग्ज आल्या आणि मोहरीचं काम बसलं. पुढे पलाझो आले, तशी खालची लेस परत आली. आता पदराला गोंडे हवेत, मणी ओवलेले, क्रोशाने विणलेले. कर्नाटकात या कामाला कुचू म्हणतात.

पण मैत्रिणींनो, फॅशनच्या मागे धावताना पाया सोडू नका. मी नवीन असताना एका साडीला सुती फॉल न भिजवताच लावला होता. पहिल्या धुण्यात फॉल आटला आणि काठ सगळा गोळा झाला. बाई साडी घेऊन दारात उभी. सगळं उसवून पुन्हा लावून दिलं, पैसे न घेता. तेव्हापासून फॉल आधी पाण्यात भिजवते, वाळवते, इस्त्री करते, मगच सुई धरते. वरची बाजू हाताने, बारीक टाक्यांनी शिवायची. उलट बाजूने टाका धरताना साडीचे एक-दोनच धागे घ्यायचे, म्हणजे सुलट बाजूला दिसत नाही. गोंडे बांधण्याआधीही टोकाचा धागा सुटणार नाही याची खात्री करा. नाहीतर गोंड्याच्या वजनाने पदरच उसवतो.

आणि मजुरीचं बोलायला लाजू नका. समजा एका पदराचे गोंडे बांधायला तीन तास लागले, तर दिवसभरात दोनच पदर होतील. त्यात घर आहे, पाणी आहे, पोरं आहेत. तेव्हा आधी दोरा-मण्यांचा खर्च मांडा, मग तीन तासांची मजुरी धरा, आणि मग भाव सांगा. व्यापारी नगावर दर देत असेल तर एक नग स्वतः घड्याळ लावून करून बघा आणि मगच हो म्हणा. गटातल्या सगळ्याजणींनी एकच भाव धरला, तर एकीला पाडून दुसरीकडे जाणं त्याला अवघड होईल.

गोंडे उद्या जातील, दुसरं काही येईल. येऊ दे. कापड कापलं की कड उघडी पडणारच, आणि ती बंद करायला चांगला हात लागणारच. तो हात तयार ठेवा, त्याची किंमतही ठेवा.