पाण्यात उभी देवराई



कुळागरात वाढलेल्या माणसाला जायफळाची ओळख करून देण्याचे प्रयोजन नाही. परंतु पोफळींच्या सावलीत वाढणारे हे झाड मूळचे आपले नव्हे. त्याची जन्मभूमी पूर्वेकडील बांदा बेटे होत. त्याचे रानटी सगोत्र मात्र सह्याद्रीच्या पायथ्याशी प्राचीन काळापासून नांदत आहेत, आणि त्यांतील काहींनी पाण्यात पाय रोवून उभे राहण्याचे जणू व्रतच घेतले आहे. अशा वनाचे शास्त्रीय वर्णन कृष्णमूर्ती यांनी १९६० साली त्रावणकोरच्या अरण्यांतून प्रथम केले. गोमंतकात त्याचे दर्शन सत्तरी तालुक्यातील बांबर येथे, निरंकाराच्या राईत घडते.

डोंगराच्या कुशीतील सपाट खोऱ्यात ओहोळ संथ होतो आणि जमीन सदैव चिंब राहते. अशा चिखलात हवा खेळत नाही. इतर झाडांची मुळे तेथे गुदमरून कुजतात. येथील झाडांनी त्यावर तोड काढली आहे. मिरिस्टिका मॅग्निफिका हा वृक्ष खोडापासून टेकूसारखी मुळे सोडून स्वतःला सावरतो. जिम्नॅक्रँथेरा जातीची मुळे चिखलातून वर येतात, गुडघ्यासारखी वाकतात आणि हवा घेऊन पुन्हा खाली जातात.

बियांची तऱ्हाही आगळी. भाताचे बी कणगीत ठेवता येते, हे येत नाही. वाळले की ते मेले. ओल्या भूमीवर पडून लवकर रुजले तरच वंश पुढे चालतो. म्हणून असे वन एकदा गेले, की साठवलेल्या बियाण्यातून ते पुन्हा उभे करता येत नाही.

केरळात या दलदलींचा पुष्कळ भाग भातशेतीखाली आणि पोफळीच्या बागांखाली गेला. बांबरची राई टिकली, कारण ती देवाची होती. सिंधुदुर्गातील बांबर्डे येथील अशीच देवराई अभ्यासकांनी प्रकाशात आणली आणि २०२१ साली महाराष्ट्र शासनाने तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले.

तथापि एक गोष्ट ध्यानी घेणे अगत्याचे आहे. वाडवडिलांनी घातलेला निर्बंध कुऱ्हाडीवर होता. आज संकट कुऱ्हाडीवाटे येईलच असे नाही. राईच्या वर झरीला पंप बसला, चर खणून पाणी दुसरीकडे वळविले, अथवा माथ्यावरचा डोंगर बोडका झाला, तर राईतील एका फांदीलाही हात न लावता सारी राई सुकेल. देवाची सीमा पाळली जाईल आणि देवाचे वन मात्र जाईल.

यात केवळ झाडांचाच प्रश्न नाही. पावसाळ्याचे पाणी ही ओली भूमी धरून ठेवते आणि हळूहळू खाली सोडते. अशा राईखाली ज्यांची कुळागरे आहेत, त्यांनी वैशाखातल्या पाटाच्या पाण्याचा विचार करावा.

तेव्हा जेथे जेथे देवस्थानाकडे राई आहे, तेथे महाजनांनी तिच्या झरीचा उगम आणि वरचा उतार तिच्याच हद्दीतला मानावा. जीर्णोद्धाराच्या उत्साहात ओहोळाचे काठ सिमेंटने बांधू नयेत, तळ फरशीने झाकू नये. देवाचे झाड तोडणे हे पाप, अशी शिकवण पूर्वजांनी दिली. त्या झाडाच्या मुळाशी येणारे पाणी तोडणे हेही त्याच पंक्तीला बसते, एवढी भर या पिढीने त्या शिकवणीत घालावी, हीच नम्र विनंती.