काचेच्या नळीतली वीस मिनिटं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला ‘कॉम्प्युटर क्षेत्रातील संधी’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. संयोजकांची माफी मागून तो विषय बाजूला ठेवते. मला आपल्या वर्गातल्या एका मुलीबद्दल बोलायचं आहे. ती आज इथं नाही. मेळाव्यासाठी तिनं महिनाभर आधी सुट्टी मागितली होती. पण काल रात्रपाळीची सिस्टर आजारी पडली आणि हिला थांबावं लागलं. “माझं नाव घेतलंस तर बघ,” असं तिनं फोनवर बजावलंय, म्हणून नाव घेत नाही. तुम्ही ओळखालच.

बारावीनंतर मी इंजिनिअरिंगला गेले, ती नर्सिंगला, म्हणजे जीएनएमला. माझ्या प्रवेशाचे पेढे वाटले गेले. तिच्या घरी मात्र लोक विचारून गेले, “पोरीला रात्रीच्या ड्युट्या करायला लावणार का?” मीही मनातून तिला थोडी कमीच धरली होती. हे आज सगळ्यांसमोर कबूल करते.

२०१९ च्या जुलैची गोष्ट. आपल्याकडे भातलावणी चालू होती, तिकोण्यावर चार दिवस ढग उतरलेले. संध्याकाळी खाचराच्या बांधावर आबांना साप चावला. शेजारच्या तात्यांनी पायाला दोरी करकचून बांधली आणि जीपमधून दवाखाना गाठला. मी हिंजवडीच्या ऑफिसातून पोहोचले, तेव्हा अपघात विभागात ड्युटीवर हीच होती.

तिनं आधी दोरी पाहिली. मी म्हटलं, “अगं, सोड ना ती, पाय काळा पडलाय.” ती म्हणाली, “थांब.” आधी सलाईन लावलं, डॉक्टरांना शेजारी उभं केलं आणि मगच दोरी हळूहळू सैल केली. एकदम सोडली, तर अडून राहिलेलं विष एकाच वेळी अंगात जाऊ शकतं, हे मला नंतर कळलं.

मग तिनं आबांचं थोडं रक्त काढून काचेच्या कोरड्या नळीत घेतलं, नळी स्टँडला लावली, घड्याळ बघितलं आणि दुसऱ्या पेशंटकडे गेली. माझा बाप तिथं विव्हळतोय आणि ही निघून गेली! मी तिच्यावर ओरडले. काय काय बोलले, ते इथं सांगण्यासारखं नाही. “इंजेक्शन का देत नाही? नोकरी करतेस की टाईमपास?” हे त्यातलं त्यातल्या त्यात बरं वाक्य. सगळा वॉर्ड बघत होता. ती एवढंच म्हणाली, “वीस मिनिटं. नळी हलवायची नाही.”

त्या वीस मिनिटांचा अर्थ आता सांगते, कारण आपल्या मावळात तो प्रत्येक घराला माहीत हवा. सापाचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. घोणस, फुरसं यांच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं. म्हणून रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करतात. गोठलेलं नसेल, तर विष रक्तात भिनलंय. प्लॅस्टिकच्या नळीत ही परीक्षा फसते, नळी ओली असली तरी फसते. सर्पविषावरची लस चावलेल्या प्रत्येकाला सरसकट देत नाहीत, कारण त्या लसीचीच जिवावर बेतणारी रिअॅक्शन येऊ शकते. आधी विष भिनल्याची खूण लागते.

वीस मिनिटांनी तिनं नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. डॉक्टरांनी दहा बाटल्या सांगितल्या. ती लस पावडरच्या रूपात असते. एकेक बाटली पाणी घालून हातात अलगद फिरवत विरघळवावी लागते. जोरात हलवली की फेस होतो. अशा दहा बाटल्या तिनं विरघळवल्या, शेजारी अॅड्रिनॅलिन भरून ठेवलं आणि पहिली पंधरा मिनिटं आबांच्या तोंडावरून नजर हलवली नाही. सहा तासांनी पुन्हा नळी. तोवर लघवी किती झाली याची नोंद, कारण घोणस असेल तर मूत्रपिंडावर घाला येतो. याच वेळात हायवेवरच्या अपघातातले दोघेजणही तिच्याच हाताखाली होते.

पहाटेच्या नळीत रक्त गोठलं होतं. तिनं ती नळी मला दाखवली आणि म्हणाली, “आता चहा पी जा.” ओरडल्याबद्दल एक शब्द नाही.

मित्रांनो, माझ्या कामातही रात्री-अपरात्री फोन वाजतो. सर्व्हर बंद पडला की उठून लॅपटॉप उघडायचा. पण सर्व्हर परत सुरू करता येतो, आणि मला त्याचे पैसे नीट मिळतात. तिचं काय? पहिल्या खासगी नोकरीत तिची मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली होती, मध्येच सोडू नये म्हणून. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक परिचारिका असावी, असा दंडक आहे. तिच्याकडे तिघे-चौघे असायचे. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१६ मध्ये केंद्राच्या समितीनं सुचवलं, की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान २०,००० रुपये द्यावेत. ती शिफारस कागदावर आली, त्याला आता बरीच वर्षं झाली. आपापल्या ओळखीतल्या सिस्टरला आज पगार विचारून बघा.

तरी ती थांबली नाही. दोन मुलं, बारा तासांची रात्रपाळी, आणि त्यातून दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. पूर्ण केलं. आता अतिदक्षता विभागासाठी ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहे. तो करायचं तिच्या मनात आहे. “पण रजा कोण देणार?” असं विचारून ती हसते.

रुग्णालयात मारहाण किंवा मोडतोड केली, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, असा कायदा महाराष्ट्रात २०१० पासून आहे. शिवीगाळ मात्र रोजचीच. ती करणारे गुंड असतात, असा माझा समज होता. त्या रात्री ती करणारी शिकलेली इंजिनिअर होती, आणि समोर तिच्याच बाकावरची मैत्रीण होती.

नंतर मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “अगं, सगळेच ओरडतात. घाबरलेला माणूस ओरडतोच.” तिला याची सवय झाली आहे, हेच मला लागलं. म्हणून आज ज्या गावात आम्ही दोघी वाढलो, तिथं, चारचौघांत, पुन्हा माफी मागते.

तुमच्याकडे दोनच मागण्या आहेत. साप चावला तर चिरू नका, दोरी आवळू नका, विष चोखू नका. पाय हलू देऊ नका, अंगठी-पैंजण काढा, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं लस असलेला दवाखाना गाठा. आणि दुसरी मागणी: पुढच्या वेळी शाळेनं मुलांसमोर बोलायला मला बोलावू नये, तिला बोलवावं. तारीख मात्र तिची पाळी विचारून ठरवा.

आबा समोर पहिल्या रांगेत बसलेत. यंदाही लावणीला गेले होते. आता पायात गमबूट असतात.