सध्या काय वाचताय?

(दहावी १९९६ च्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढलेलं)

व्यासपीठावर बसलेले आपले सर्व सर आणि बाई, आणि शाळेत असताना इतक्या शांत कधीच न बसलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'वाचन'. "तू आपली वाचणारी, तू बोल," असं फोनवर सांगितलं आणि मी नाही म्हणायच्या आत फोन ठेवला. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. वाचनाचं महत्त्व सांगायला माझ्याहून कितीतरी अधिकारी माणसं इथे मागे बसली आहेत. म्हणून आमच्या धंद्यात करतात तेच मी केलं, आधी माहिती गोळा केली.

महिन्यापूर्वी आपल्या ग्रुपवर मी एक प्रश्न टाकला होता, आठवत असेल. सध्या कुठलं पुस्तक वाचताय आणि कसं वाटतंय? दोन अटी होत्या. शाळेत असताना वाचलेलं सांगायचं नाही, आत्ता उशाशी आहे तेच सांगायचं. आणि 'छान आहे' हे उत्तर धरलं जाणार नाही.

दोन दिवस कोणी काही बोललं नाही. मग उत्तरं यायला लागली, पण ग्रुपवर नाही, मला एकटीला. वर शेपूट, "ग्रुपवर टाकू नकोस हं, चिडवतील." पंचेचाळिशीत आपल्याला वाचताना पकडलं जायची भीती वाटते, हे मला नवीन होतं. तर आज मी कोणाचंही नाव न घेता तुमची उत्तरं सांगणार आहे. ज्याचं त्याला कळेल. शेजारच्याकडे बघून हसू नका.

सर्वांत जास्त भांडण झालं ते मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'वरून. ही कादंबरी २००४ साली आली. काळ आणीबाणीचा, म्हणजे आपल्या जन्माआधीचा. तरी आपल्यातल्या तिघांनी ती याच महिन्यात पुन्हा काढली, मेळावा जवळ आला म्हणून असेल. मुलांचं मत एकच, "ही आपलीच गोष्ट आहे." नववीतला मुकुंद, त्याची टोळी, वर्गातली ती शिरोडकर, सगळं आपलंच. त्यावर आपल्या एका मैत्रिणीने लिहिलं, "तुमची असेल, आमची नाही. अख्खं पुस्तक मुकुंद बोलतो. शिरोडकरला नक्की काय वाटत होतं, हे आपल्याला तो सांगतो तेवढंच कळतं. वर्गातल्या प्रत्येक मुलीला माहीत असतं की कोण तिच्याकडे बघतंय, आणि त्याचं ओझंही असतं. ते कोण लिहिणार?" यावर एका मित्राचं उत्तर आलं, की नववीतल्या मुलाला तेवढंच दिसतं, आणि लेखकाने तेवढंच दाखवलं हाच त्याचा खरेपणा. दोघंही बरोबर आहेत असं मला वाटतं. पण तीस वर्षांत आपल्या वर्गातल्या मुला-मुलींनी या विषयावर एकमेकांशी मोकळेपणाने बोलायची ही पहिलीच वेळ. तेही एका पुस्तकाच्या आडून.

दुसरं पुस्तक, कृष्णात खोत यांचं 'रिंगाण'. याला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे उठवलेल्या गावाची गोष्ट आहे. मागे राहिलेली म्हैस आणायला एक माणूस जुन्या गावाकडे परत जातो. आपल्या वर्गातली एक डॉक्टर मैत्रीण हे पुस्तक वाचत होती आणि पन्नासाव्या पानावर थांबली होती. "भाषा झेपत नाही गं, दवाखान्यातून आल्यावर डोकं चालत नाही," असं म्हणाली. त्याच आठवड्यात शेवटच्या बाकावरच्या एकाचं उत्तर आलं. हा आता एसटीच्या वर्कशॉपमध्ये आहे. पुस्तक परीक्षण लिहून आणा म्हटलं की याच्या पोटात दुखायचं, हे बाईंनाही आठवत असेल. तोही 'रिंगाण'च वाचत होता! त्याच्या आजोळचं गाव कोयनेच्या धरणात, शिवसागर जलाशयाखाली गेलं. त्याने लिहिलं, "पहिली वीस पानं मोठ्याने वाचायची, मग कान तयार होतो. आमची आजी गावाच्या आठवणी कमी सांगायची आणि गोठ्याच्या जास्त. म्हातारीचं डोकं फिरलंय असं आम्ही म्हणायचो. हे वाचल्यावर कळलं, ती काय सांगत होती."

मी त्याची परवानगी घेऊन हे दोन-तीन ओळींचं मत डॉक्टरीणबाईंना पाठवलं. तिने पुस्तक परत उघडलं. पहिली वीस पानं मोठ्याने वाचली आणि मग शेवटपर्यंत गेली. तिचं मत अजूनही वेगळं आहे, मधला भाग लांबलाय असं ती म्हणते. पण पुस्तक पुरं झालं. अकादमीच्या पुरस्काराने जे झालं नव्हतं ते वर्गमित्राच्या दोन-तीन ओळींनी झालं. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

आमच्या इंजिनिअर मंडळींत दोन पुस्तकं फिरताहेत. एक नंदा खरे यांचं 'उद्या', २०१४ सालचं. खरे स्वतः बांधकाम क्षेत्रातले इंजिनिअर. या कादंबरीला २०२० चा अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो विनयाने नाकारला. माणसावर सतत नजर ठेवणारं तंत्रज्ञान आणि त्यामागची पैशाची सत्ता, असा तिचा विषय. आपला बंगळुरूचा मित्र म्हणतो, "कादंबरी कमी आणि इशारा जास्त. पात्रं लक्षात राहत नाहीत, पण फोनवर 'परवानगी द्या' असं बटण आलं की आता बोट थांबतं." माझ्या मते एखाद्या पुस्तकाने बोट थांबवलं तर त्याचे पैसे वसूल झाले.

दुसरं माझ्या स्वतःच्या उशाशी आहे, जयंत नारळीकर सरांचं 'वामन परत न आला'. मे २०२५ मध्ये सर गेले, त्यानंतर मी त्यांची पुस्तकं पुन्हा एकेक करून काढते आहे. एका प्राचीन, प्रगत संस्कृतीने मागे ठेवलेल्या माहितीवरून आजची माणसं एक बुद्धिमान यंत्रमानव बनवतात, अशी ही गोष्ट. आज माझ्या ऑफिसात रोज ज्या विषयावर मीटिंगा होतात, तो मराठीत चाळीसएक वर्षांपूर्वी लिहून झालेला आहे. अट मला पण लागू आहे, म्हणून तक्रारही सांगते. यातली माणसं मला थोडी सपाट वाटतात. ती एकमेकांशी बोलतात तेव्हा बरेचदा वाचकाला विज्ञान समजावत असतात. पण 'बनवता येतं म्हणून बनवायचं का?' हा प्रश्न इतक्या सरळ मराठीत मला दुसरीकडे कुठे सापडलेला नाही.

आता एक वाद मिटवायचा आहे. आपल्यातले बरेच जण पुस्तकं वाचत नाहीत, ऐकतात. स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आलं, तेव्हापासून मराठी पुस्तकं कानात आली. आपला एक मित्र आठवड्यातून दोनदा पुणे-सातारा गाडी चालवतो आणि तेवढ्यात महिन्याला दोन कादंबऱ्या संपवतो. ग्रुपवर लगेच एकाने हरकत घेतली, "हे वाचन नाही, ही फसवणूक आहे." मी हा वाद आपल्या मराठीच्या बाईंकडे नेला. बाई आता निवृत्त आहेत, डोळ्यांचा त्रास आहे, छापील अक्षर फार वेळ वाचवत नाही. त्या म्हणाल्या, "अगं, आपल्याकडे एकजण पोथी वाचायचा आणि अख्खा वाडा ऐकायचा. त्यातल्या ऐकणाऱ्यांना ग्रंथ कळला नाही असं कोण म्हणेल?" आणि मग उमा कुलकर्णी यांचं उदाहरण दिलं. भैरप्पांची 'पर्व', 'वंशवृक्ष' आपण मराठीत वाचली ती त्यांच्यामुळे. पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून दाखवायचे, उमाताई ते ऐकून मराठीत उतरवायच्या. त्यांच्या 'संवादु अनुवादु' या आत्मचरित्रात हा सगळा संसार आहे. म्हणजे आपल्यातल्या कट्टर छापील वाचकाने वाचलेलं 'पर्व'सुद्धा आधी कोणाच्या तरी कानातून आलेलं आहे! बाई स्वतः सध्या नातवाकडून 'आहे मनोहर तरी' वाचून घेताहेत. मत विचारलं तर म्हणाल्या, "तिशीत वाचलं तेव्हा सुनीताबाई कठोर वाटल्या होत्या. आता वाटतं, आणखी थोडं बोलायला हवं होतं त्यांनी."

बाईंचा विषय निघाला म्हणून एक सांगते. आठवीत बाई तासाला यायच्या तेव्हा पाठ्यपुस्तकासोबत स्वतःचं एक पुस्तक टेबलावर ठेवायच्या. खुणेला एसटीचं तिकीट. पहिली पाच मिनिटं त्या आपण कुठवर आलो आणि काय वाटतंय ते सांगायच्या. एकदा म्हणाल्या, "हे पुस्तक मला आवडत नाहीये, पण सोडवतही नाही." त्या दिवशी आमच्या वर्गात त्या एका पुस्तकासाठी वाचनालयाच्या कपाटापुढे रांग लागली. मोठ्या माणसाला, तेही मराठीच्या बाईंना, छापलेलं पुस्तक नावडू शकतं, ही बातमीच होती ना! आणि ते नेमकं का नावडतं हे प्रत्येकाला स्वतः बघायचं होतं.

आता मघाच्या डॉक्टरीणबाईंकडे येते. एवढी सगळी उत्तरं समोर ठेवल्यावर मला एक गोष्ट दिसली. जवळपास प्रत्येकाच्या हातातलं पुस्तक दुसऱ्या कोणीतरी वाचणाऱ्याने काहीतरी बोलल्यामुळे हातात आलेलं होतं. जाहिरातीने नाही, यादीने नाही. कोणाच्या बहिणीने "शेवट वाचून मला राग आला" म्हटलं, कोणाच्या शेजाऱ्याने "तुझ्या शेतीला उपयोगी पडेल" म्हणून 'एक होता कार्व्हर' दिलं.

याच्या उलटंही घडतं. आपल्यातला एक जण मुलाला घेऊन पाचगणीजवळच्या भिलारला गेला होता. पुस्तकांचं गाव, घराघरांत पुस्तकं मांडलेली. मुलाने एवढी पुस्तकं बघितली आणि विचारलं, "बाबा, यातलं चांगलं कुठलं?" पुस्तकं भरपूर होती. त्याला हवा होता तो सांगणारा.

आपली मुलं आता याचं उत्तर मशीनला विचारतात. मी त्याच क्षेत्रात काम करते, मला त्याचं कौतुकही आहे. पुस्तकाचा सारांश मशीन चांगला देतं. 'वाचकांना ही कादंबरी हृदयस्पर्शी वाटली' असंही सांगतं. पण आपली आजी गोठ्याबद्दल का बोलायची हे त्या पुस्तकाने मला सांगितलं, असं मशीन म्हणू शकत नाही. त्याची आजी नव्हती. ते वाक्य आपल्यापैकीच कोणीतरी म्हणायला हवं.

आणि कोणासमोर म्हणायचं, तेही सांगते. आपल्या वेळी या शाळेत प्रत्येक इयत्तेच्या अ, ब, क अशा तीन तुकड्या होत्या. आज एकेकच उरली आहे. आपल्यातल्या बहुतेकांची मुलं इंग्रजी शाळेत आहेत, काहींना देवनागरी वाचताना अडखळायला होतं. मी कोणाला दोष देत नाही, प्रत्येकाची कारणं आहेत. पण 'रिंगाण' पुढच्या वीस वर्षांत वाचायला कोणी उरायचं असेल, तर ती मुलं आज या शाळेच्या बाकांवर बसलेली आहेत. दुसरीकडे कुठून आणणार?

संयोजक आज शाळेला पुस्तकांचा संच भेट देणार आहेत. चांगलंच आहे. पण मी काल वाचनालयाचं कपाट बघून आले. पुस्तकं आहेत, नवीसुद्धा आहेत, मागच्या तुकड्यांनी दिलेली. बरीच अजून कोरी आहेत, पानं एकमेकांना चिकटलेली. आत्ताचे सर आणि बाई शिकवणं, माहित्या भरणं, निवडणुकीची कामं यांतून वेळ काढून जमेल तेवढं करतात. त्यांनी आणखी किती करायचं?

म्हणून माझी विनंती वेगळी आहे. मी मुख्याध्यापकांशी बोलले आहे, त्यांनी आनंदाने होकार दिला आहे. शनिवारी सकाळच्या शाळेचा शेवटचा तास आपल्याला मिळेल. आपण प्रत्येकाने वर्षातून एकच शनिवार यायचं. भाषण करायचं नाही, वाचनाचे फायदे सांगायचे नाहीत. आत्ता वाचत असलेलं पुस्तक घेऊन वर्गात बसायचं आणि कुठवर आलो, काय आवडलं, काय नाही, ते सांगायचं. नावडलं असेल तर तेही सांगायचं, नव्हे, ते आधी सांगायचं. एक पान मोठ्याने वाचायचं आणि पुस्तक तिथेच ठेवून यायचं. परदेशातल्यांनी व्हिडिओ कॉलवर यावं, वर्गात पडदा आहे.

मागच्या टेबलावर वही ठेवली आहे. तारखेपुढे नाव आणि पुस्तक लिहायचं. पहिल्या शनिवारपुढे एसटीवाल्या मित्राने आपलं नाव आधीच लिहिलंय. ज्याने आठवीत एकही परीक्षण दिलं नाही, तो तीस वर्षांनी पहिलं परीक्षण देणार आहे. बाई, मार्क तुम्हीच द्यायचे. दुसऱ्या शनिवारपुढे डॉक्टरीणबाई आहेत, त्याच पुस्तकावर, विरुद्ध बाजूने. तिसरा माझा. चौथ्यापासून रकाने मोकळे आहेत.

जेवायला जाण्याआधी तेवढं लिहून जा.