गाठीचा रिपोर्ट वाचताना
(गणेशोत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यान)



आरती आणि प्रसाद यांच्या मध्ये कर्करोगावर बोलायचे म्हणजे जरा अवघडच. पण मंडळाचा आग्रह, आणि मी इथे बंगळूरात बरीच वर्षे सूक्ष्मदर्शकाखाली गाठीच पाहतो आहे, म्हणून उभा राहिलो.

पेशीच्या आवरणावर रिसेप्टर नावाची प्रथिने असतात. बाहेरचा निरोप ती आत पोहोचवतात. दारावरची बेल समजा. स्तनाच्या पेशीवर हर-टू नावाची अशी एक बेल असते. काही गाठींत तिच्या जनुकाच्या प्रती वाढतात आणि एकेका पेशीवर हजारोंच्या जागी लाखो बेल दाटीवाटीने बसतात. मग एकमेकींना चिकटून, कोणी बटण न दाबताच त्या वाजत राहतात. पेशी वाढत सुटते, जागा सोडून दुसऱ्या अवयवांकडेही निघते. १९८७ साली अमेरिकेत डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की ज्यांच्या गाठीत या प्रती जास्त, त्यांचा आजार लवकर उलटतो.

पण दाराबाहेरची बेल बाहेरूनच झाकता येते! ट्रॅस्टुझुमॅब हे औषध तेच करते. १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. २०१४ मध्ये आपल्या बंगळूरच्या बायोकॉनने त्याची भारतीय आवृत्ती आणली.

आता घरचे सांगतो. माझ्या वहिनींची गाठ गावाकडे काढली. ती रात्रभर फॉर्मॅलिनऐवजी सलाइनमध्ये राहिली. अशाने प्रथिने खराब होतात. हर-टू 'निगेटिव्ह' आला. मी याच कामातला, पण फोनवर "रिपोर्ट काय आला?" एवढेच विचारले. तुकडा कसा ठेवला होता, हे नाही विचारले. आठ महिन्यांनी काखेत गाठ आली. या वेळी तुकडा नीट ठेवला, आणि हर-टू थ्री प्लस! पहिला रिपोर्ट चुकला की गाठच बदलली, हे मला आजही सांगता येत नाही.

म्हणून स्तनाच्या गाठीच्या रिपोर्टमध्ये इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-टू, तिन्ही रिसेप्टर पाहा. (पहिले दोन पेशीच्या आत असतात, पण औषध ठरवायला तेही लागतात.) हर-टू 'टू प्लस' असेल तर फिश ही पुढची तपासणी करायची असते. तुकडा लगेच फॉर्मॅलिनमध्ये गेला का, हे विचारा. आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या, घरी नीट ठेवा.

प्रसादानंतर मी मागच्या रांगेत बसलेला असेन. कुणाकडे रिपोर्ट असेल तर घेऊन या, संकोच करू नका.