कोणाची गाडी धरावी?



दहावीनंतर मी स्टिअरिंग धरलं, ते आजतागायत. आता तुमच्यातल्या काहींची मुलं विचारतात, "काका, कोणत्या ट्रान्सपोर्टला लागू?"

मी सांगतो, पगाराचा आकडा शेवटी विचार. आधी विचार, भत्ता खेपेवर की दिवसावर? माल उतरवायला गाडी दोन दिवस उभी राहिली, तर त्या दिवसांचं काय? ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो, तो कोण भरणार? ब्रेकची तक्रार केली तर लगेच काम होतं, की 'पुढच्या खेपेला बघू'? मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१चा, तो २०२५पर्यंत लागू होता. त्यात दिवसाला ८ तास होते. मालक किती धरतो? ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली. पण झोपच मिळाली नाही, तर एसी काय कामाचा?

ही उत्तरं ऑफिसात मिळत नाहीत. त्यांच्याच ड्रायव्हरला ढाब्यावर गाठायचं. रात्री दोनला घाटात गाडी बंद पडली, तर फोन कोण उचलतं, ते त्यालाच ठाऊक.

माझे मालक स्वतः उचलतात. म्हणून जास्त पगाराची बोलावणी आली तरी मी इथेच आहे.